कर्नल बांधणं आणि बांध सांभाळणं

विंडोज 10 चा सपोर्ट 14 ऑक्टोबर 2025 ला संपला, त्याच आठवड्यात फोंड्याला बसस्टँडजवळच्या हॉटेलात भाजी-पाव खाताना आमच्या टेबलावर एक भांडण झालं. तेच भांडण मी गेली वीस वर्षं ऐकतोय, फक्त माणसं बदलतात. विषय साधाच होता, डिचोलीकडच्या एका हायस्कुलाच्या लॅबमधले एकवीस कम्प्युटर, सगळे जुने, विंडोज 11 त्यांना दारातच उभं करत नाही, आणि चालती मशीन भंगारात घालायला तिथल्या सरांचा जीव होत नाही, म्हणून विंडोजच्या जागी लिनक्स ही ऑपरेटिंग सिस्टीम टाकायचं ठरलं. इथपर्यंत सगळ्यांचं एकमत. मग कुठलं आणि कधी यावर टेबलाचे दोन भाग झाले. (कर्नल म्हणजे लिनक्सचा गाभा, हार्डवेअर चालवणारा भाग; डिस्ट्रो म्हणजे डेबियन, उबुंटूसारखं तयार बांधून दिलेलं लिनक्स; आणि कंपाईल करणं म्हणजे मूळ कोडपासून तो गाभा आपण स्वतः बांधणं.) इंजिनिअरिंगच्या तिसऱ्या वर्षातला एक पोरगा म्हणाला, डिस्ट्रोचा कर्नल म्हणजे अख्ख्या जगाचं ओझं वाहणारा बैल, आपण आपला कर्नल कंपाईल करून टाकू, मशीन पळायला लागतील. समोर बसलेले बँकेतून रिटायर झालेले एक गृहस्थ म्हणाले, पोरखेळ पुरे, एप्रिलमध्ये उबुंटू 26.04 येतेय, एलटीएस आहे, म्हणजे लांब मुदतीच्या सपोर्टची, तेव्हा बघू, कर्नल कंपाईल करायचे दिवस गेले आता. मग अर्धा तास स्पीड, खरा लिनक्सवाला कोण, तुम्हाला काय कळतं, आम्ही फ्लॉपीवरून टाकलंय वगैरे वगैरे. चहा गार झाला.

माझं म्हणणं आधीच सांगून टाकतो म्हणजे शेवटपर्यंत ताटकळायला नको. दोघंही भलत्याच गोष्टीवर भांडत होते. आपला कर्नल आपण कंपाईल करावा की नव्या रिलीजची वाट बघावी याचा निकाल स्पीडवर लागत नाही आणि कोण किती हुशार यावर तर नाहीच. त्या मशीनकडे पुढच्या महिन्यात, पुढच्या वर्षी, तुम्ही नोकरीला पुण्याला गेल्यावर कोण बघणार, यावर तो लागतो. ज्या मशीनपुढे तुम्ही स्वतः रोज बसता तिचा कर्नल खुशाल सोला, तासा, रोज नवा घाला. ज्या मशीनपुढे दुसरं कोणी बसणार आणि तुम्ही तिथे नसणार, तिथे डिस्ट्रोचाच कर्नल ठेवा. हे मी पुस्तकी सांगत नाही, माती खाऊन सांगतोय, ते पुढे येईलच.

आधी स्पीडचं मिटवू. एके काळी त्या पोराचं म्हणणं शंभर टक्के खरं होतं. नव्वदच्या दशकात पीसीक्वेस्टच्या अंकाबरोबर लिनक्सची सीडी यायची तेव्हा 8 किंवा 16 एमबी रॅम म्हणजे बरं मशीन, साउंड कार्डचा आयआरक्यू नंबर कंपाईल करतानाच सांगायला लागायचा, कर्नल जितका फुगेल तितकी रॅम गेली, त्यामुळे रात्री कंपाईल लावून झोपायचं आणि सकाळी उठून बघायचं ही हौस नव्हती, गरज होती. आज काय आहे? डिस्ट्रोच्या कर्नलबरोबर तीन-चार हजार मॉड्यूल, म्हणजे लागेल तेव्हा जोडायचे कर्नलचे तुकडे, येतात हे खरं, पण ती डिस्कवर पडून असतात, ज्या मशीनला जे लागतं तेवढंच रॅममध्ये चढतं, एलएसमॉड ही आज्ञा मारून बघा, शंभर-दीडशेच्या वर सहसा दिसणार नाहीत. म्हणजे त्या बैलाच्या पाठीवर ओझं नाहीच, ते गोठ्यात रचून ठेवलंय. पोराला मी विचारलं, मोजलंस का? म्हणाला, काका, बूट दोन सेकंद लवकर होतो. दोन सेकंदांसाठी एकवीस मशीनचं लग्न लावायचं? जुन्या मशीनला खरा वेग द्यायचा तर हार्ड डिस्क काढून एसएसडी घाला, 4 जीबीची 8 जीबी रॅम करा, लॅबमध्ये मशीन रडवतो तो ब्राउझर, कर्नल नव्हे.

पण म्हणून कंपाईल करणं हा पोरखेळ, असं म्हणणाऱ्या गृहस्थांचंही मला पटत नाही. ऑस्ट्रेलियातल्या कॉन कोलिवासचं उदाहरण घ्या. धंद्यानं भूलतज्ज्ञ, म्हणजे ऑपरेशन थिएटरमध्ये पेशंटला भूल देणारा डॉक्टर, घरच्या कम्प्युटरवर गाणं लावलं आणि मागे काहीतरी जड काम चालू केलं की गाणं अडखळतं, याचा त्याला वैताग आला म्हणून स्वतः शिकून कर्नलच्या शेड्युलरला, म्हणजे कुठल्या प्रोग्रॅमला प्रोसेसर कधी मिळणार ते ठरवणाऱ्या भागाला, पॅच (कोडमधले बदल) लिहायला लागला. मोठमोठ्या कंपन्यांचं लक्ष सर्व्हरवर होतं, घरच्या माणसाच्या डेस्कटॉपकडे बघायला कोणी नव्हतं, आणि त्याचे पॅच लावून कर्नल कंपाईल करणारे लोक जगभर होते (मीही होतो, कॉलेजात, हॉस्टेलच्या मशीनवर, वॉर्डनच्या विजेवर). 2007 मध्ये कर्नलचा डेव्हलपर इंगो मोलनारनं सीएफएस नावाचा नवा शेड्युलर लिहिला, 2.6.23 या आवृत्तीत तो सगळ्या जगाच्या कर्नलमध्ये गेला, आणि सगळ्यांना सारखा वाटा देण्याची कल्पना कोलिवासच्या कामातून दिसली हे मोलनारनं मान्यही केलं. कोलिवास मात्र वैतागून बाहेर पडला, दोन वर्षांनी स्वतःचा वेगळा शेड्युलर घेऊन परत आला, ती कथा वेगळी. संगीतवाले अशीच वर्षानुवर्षं रिअल-टाइमचे (काम ठरल्या क्षणी व्हावं म्हणूनचे) पॅच हातानं लावून कर्नल बांधत होते, ते काम नोव्हेंबर 2024 च्या 6.12 मध्ये मूळ कर्नलात आलं. घरी बसून कर्नल उसवणाऱ्या माणसांशिवाय यातलं काही झालं असतं का? पण हेही बघा की कोलिवासच्या डोक्यातली गोष्ट माझ्या मावशीच्या मशीनवर पोचली ती सगळ्यांच्या कर्नलात गेली तेव्हा, डिस्ट्रोनं ती घेतली तेव्हा. मावशीला मेक मेनूकॉन्फिग, म्हणजे कर्नलमध्ये काय ठेवायचं ते निवडायची आज्ञा, शिकवून नाही पोचली.

वाट बघणाऱ्यांवरचा सगळ्यात जड आरोप मला वाटतं हा आहे की ते फुकट खातात. सगळेच थांबले तर नवीन कोण तपासणार? इथे एक्सझेडचं प्रकरण दोन्ही बाजूंनी चालवतात म्हणून नीट सांगतो. एक्सझेड ही फाईल दाबून लहान करायची साधी लायब्ररी, सगळीकडे असते, तिच्यात कोणीतरी दोन वर्षं गोड बोलून, मदत करून, विश्वास कमावून चोरदरवाजा बसवला, 5.6.0 आणि 5.6.1 या आवृत्त्यांत. 29 मार्च 2024 ला ते जगापुढे आलं. डेबियन स्टेबल, म्हणजे तपासून सोडलेली डेबियन, वापरणाऱ्यांच्या मशीनवर ती आवृत्ती पोचलीच नव्हती, म्हणून थांबणारे म्हणतात बघा, आम्ही वाचलो. वाचलात बाबांनो, पण कोणामुळे? ते पकडलं आंद्रेस फ्रॉइंड या पोस्टग्रेस डेटाबेसवर काम करणाऱ्या डेव्हलपरनं, आणि तो डेबियनची अनस्टेबल, म्हणजे अजून तपासणीतली, चालवत होता, एसएसएच लॉगिनला (लांबून दुसऱ्या मशीनवर शिरायला) अर्धा सेकंद जास्त का लागतोय याची त्याला खाज सुटली म्हणून. अर्धा सेकंद! आपल्याकडे एखाद्या सरकारी वेबसाइटला अर्धा मिनिट लागला तरी कोणी मान वर करत नाही. तर थांबणाऱ्यांनी न थांबणाऱ्यांचे उपकार मानायलाच हवेत, आणि ज्याला जमतं त्यानं आपल्या स्वतःच्या मशीनवर आरसी, म्हणजे रिलीजआधीचा चाचणीचा, कर्नल चालवायलाच हवा. फक्त फ्रॉइंडनं ते आपल्या मशीनवर केलं, शाळेच्या लॅबवर नाही, आणि चुकलं तर काय चुकलं हे ओळखणारा माणूस त्याच मशीनपुढे बसला होता.

दुसरा आरोप, डिस्ट्रोवाले काय देव आहेत? नाहीत. 2006 मध्ये डेबियनच्या पॅकेजरनं ओपनएसएसएल या एन्क्रिप्शनच्या लायब्ररीमधल्या ओळी, एका टूलनं वॉर्निंग दिली म्हणून, काढून टाकल्या आणि त्यामुळे एन्क्रिप्शनच्या किल्ल्या बनवताना लागणारा, अंदाज करता न येणारा आकडाच संपला, एका प्रकारच्या, एका लांबीच्या जेमतेम 32,767 किल्ल्या उरल्या, म्हणजे बाजारातल्या स्वस्त कुलपांसारखं, शेजाऱ्याची चावी आपल्या दाराला. मे 2008 पर्यंत कोणाच्या लक्षात आलं नाही. डेबियनचा हा मोठा डाग आहे आणि तो झाकायचं कारण नाही. पण लक्षात आल्यावर काय झालं ते बघा, एक जाहीर सूचना निघाली, दुरुस्त पॅकेज सगळ्यांना गेलं, कच्च्या किल्ल्यांच्या काळ्या याद्यासुद्धा पॅकेजमधून पोचल्या, डेबियनवर आधारलेल्या उबुंटूलाही. तीच चूक मी माझ्या घरच्या पॅचमध्ये केली असती तर? दोन वर्षांनी काय, कधीच कळलं नसतं, कारण माझा कर्नल माझ्याशिवाय वाचणारं जगात कोणी नाही.

आता माती खाल्ल्याची गोष्ट. म्हापशाला माझ्या मावसभावाचं झेरॉक्स-प्रिंटआऊटचं दुकान आहे, तीन कम्प्युटर, लोक येऊन फॉर्म भरतात, आधारची प्रिंट काढतात. 2021 च्या शेवटी मी तिथे डेबियन 11 घातलं, तिचा कर्नल 5.10, आणि मला काय सुचलं देव जाणे, 5.15 नुकताच आला होता, तो आणला आणि मेक लोकलमॉडकॉन्फिग मारलं. ही आज्ञा फार गोड आहे, त्या क्षणी जी मॉड्यूल चालू आहेत तेवढीच ठेवते, बाकी सगळी कापते, दीड तासाचं कंपाईल वीस मिनिटांत. भाऊ खूश, कर्नलच्या नावात मी त्याच्या दुकानाचं नावही घातलं होतं. चार दिवसांनी फोन, अरे एका गिऱ्हाइकाचा पेनड्राइव्ह उघडत नाही. एक्सफॅट फॉरमॅटचा होता. मी कंपाईल केलं त्या वेळी एक्सफॅटचा पेनड्राइव्ह लावलेला नव्हता, म्हणून ते मॉड्यूल कापलं गेलं होतं. फोनवरून कसंतरी निस्तरलं. पण खरी गोष्ट पुढे आहे. मार्च 2022 मध्ये डर्टी पाइप जाहीर झालं, 5.8 पासूनच्या कर्नलमधलं भोक, मशीनवर साधं खातं असलेला कोणीही ॲडमिन होऊ शकत होता. दुरुस्ती 5.10.102 आणि 5.15.25 मध्ये आली होती, डेबियननं लगेच आपला 5.10 दुरुस्त करून सोडला. भावाला मी फोन केला, अपग्रेड मार. त्यानं मारलं, सगळं हिरवं हिरवं, झालं म्हणाला. आणि झालं काहीच नव्हतं! नवा 5.10 इन्स्टॉल झाला, पण ग्रब, म्हणजे मशीन सुरू होताना कर्नल निवडणारा प्रोग्रॅम, मोठ्या नंबरचा कर्नल वर ठेवतो, त्यामुळे दर सकाळी दुकान उघडल्यावर मशीन माझ्याच जुन्या, भोक असलेल्या 5.15 वर उठत होतं. अपग्रेड येत होते, बसत होते, आणि वापरात एकही नव्हता. चवथीला घरी गेलो तेव्हा यूनेम, म्हणजे चालू कर्नलचा नंबर सांगणारी आज्ञा, मारून बघितलं म्हणून कळलं, म्हणजे सहा महिने, आणि तिथे दिवसाला पन्नास अनोळखी माणसं त्या कीबोर्डवर बसतात. काही नुकसान झालं नाही, निदान आम्हाला दिसलं नाही. पण मला जे लागलं ते वेगळंच, डिस्ट्रोचा कर्नल असता तर भावाची एक आज्ञा पुरली असती, आणि मी हुशारी करून त्याच्या हातातली तेवढी आज्ञासुद्धा निकामी केली होती.

हे सगळं मला गोव्यात बसून सांगायला लागतं याचं नवल वाटतं, कारण बांधणं आणि सांभाळणं यातला फरक आपल्या मातीत लिहिलेला आहे, अगदी शब्दशः. मांडवी-झुवारीच्या काठानं, चोडण-दिवाडीला जा, खाजनं बघा. खाऱ्या नदीच्या पातळीखालची जमीन, चिकणमातीचा बांध घालून काढलेली, आणि बांधात मानस, म्हणजे लाकडी झडपांचं दार, भरतीला पाण्याच्या दाबानं मिटतं, ओहोटीला उघडतं. आतल्या जमिनीत खारं सोसणारं कोर्गुट भात. हा बांध कोणी पहिल्यांदा घातला ते कोणाला ठाऊक नाही, पण तो टिकला तो दर पावसाळ्याआधी, दर अमावास्या-पुनवेच्या भरतीला कोणीतरी त्यावरून चालत गेलं म्हणून. पोर्तुगीज अधिकारी आफोंसो मेशियानं 1526 मध्ये गांवकारीचे, म्हणजे गावानं मिळून जमीन सांभाळायच्या व्यवस्थेचे, रिवाज लिहून काढले तेव्हासुद्धा ती व्यवस्था जुनीच होती. एका माणसाला रोज बांध बघणं परवडत नाही म्हणून गावानं मिळून केलेली ती सोय. मग 1964 च्या कूळ कायद्यानं जमीन कसणाऱ्याला न्याय दिला, ते हवंच होतं, पण बांध बघायची जबाबदारी कोमुनिदादींकडून (गांवकारीचंच पोर्तुगीज नाव) कुळांच्या संघांकडे गेली आणि किती ठिकाणी ती कागदावरच राहिली हे गोंयकाराला सांगायला नको. बांध एका रात्री फुटतो आणि खारवलेली जमीन गोडी व्हायला पावसाळेच्या पावसाळे जातात. आता सांगा, कर्नलचं काय वेगळं आहे? नवा कर्नल दर नऊ-दहा आठवड्यांनी येतो, त्याच्या स्थिर शाखांना साधारण दर आठवड्याला दुरुस्त्या येतात, फेब्रुवारी 2024 पासून कर्नलवाले स्वतःच सुरक्षेच्या चुकांना नंबर देतात तेव्हापासून ते डझनांनी येतात. ही भरती आहे, ती रोज येणार. कर्नल कंपाईल करणारा म्हणतो मी बांध घातला. बरं केलंस, पण उद्या त्यावरून चालणार कोण? डिस्ट्रो म्हणजे ही गांवकारीच, हजार माणसांनी वाटून घेतलेली पाळी.

वाट बघणाऱ्या गृहस्थांनाही इतक्यात सोडत नाही मी. वाट बघण्यातही दोन प्रकार आहेत. डेबियन म्हणते तयार होईल तेव्हा येईल, आणि 2002 च्या जुलैत 3.0 आल्यावर 3.1 यायला 2005 चा जून उजाडला, तेवढ्यात लोक म्हातारे झाले, आणि त्या कंटाळ्यातून 2004 मध्ये उबुंटू निघाली, दर सहा महिन्यांनी म्हणजे सहा महिन्यांनी. तिनंही 2006 मध्ये एप्रिलची एलटीएस पक्की नाही म्हणून जूनला ढकलली, 6.04 ची 6.06 झाली, आणि मला वाटतं तोच त्यांचा सगळ्यात शहाणा निर्णय होता. उशीर झाला तर ओरडू नये असं मी म्हणत नाही, ओरडा, पण डेबियन 13 चा फ्रीज मार्चमध्ये सुरू झाला आणि रिलीज 9 ऑगस्ट 2025 ला झाली, मधले पाच महिने नवीन काही न घेता नुसत्या चुका काढत बसणं हे काम आहे, आळस नव्हे. आळस वेगळा. लॅबमध्ये सपोर्ट संपलेलं विंडोज तसंच इंटरनेटला जोडून ठेवून एप्रिलची वाट बघणं हा आळस आहे. डेबियन 13 हातात आहे, 6.12 कर्नल आहे, तो एलटीएस आहे, आणि मशीन इतकी जुनी की तिला त्याच्यापुढचं काही लागतच नाही. मग कशाची वाट? एलटीएस या तीन अक्षरांची? कोणी म्हणेल नवा लॅपटॉप घेतला आणि वायफायच दिसलं नाही तर? तर खरंच नवा कर्नल लागतो, पण त्यासाठीही आधी डेबियनचे बॅकपोर्ट्स (चालू रिलीजसाठी डेबियननंच बांधलेली नवी पॅकेज) बघा, उबुंटूत नव्या हार्डवेअरसाठीचा एचडब्ल्यूई कर्नल बघा, तो नवा असतो आणि त्याच्यामागे पाळीवर माणूस असतो. कंपाईल हा त्यानंतरचा उपाय.

केरळनं शाळांत लिनक्स आणलं ते असंच. त्यांची स्वतःची डिस्ट्रो आहे, उबुंटूवर उभी, मल्याळम फाँट, शाळेला लागणारे प्रोग्रॅम वगैरे वरून घातलेले, पण खालचा कर्नल प्रत्येक शाळेत कोणा उत्साही पोरानं कापून बसवलेला नाही. आपल्याकडेही गोवा सरकारच्या सायबरएज योजनेत अकरावी-बारावीच्या पोरांना घरी कम्प्युटर मिळाले होते, मोठी गोष्ट होती ती, पण कम्प्युटर मिळणं ही पहिल्या दिवसाची गोष्ट, आणि दुसऱ्या वर्षी त्यांच्याकडे कोण बघत होतं हे ज्यानं त्यानं आपल्या घरातलं आठवून बघावं.

आमचं शेवटी असं ठरलं. वीस मशीनवर डेबियन 13, जसंच्या तसं, सुरक्षेचे अपडेट आपोआप, कर्नलला कोणी हात लावायचा नाही. एकविसावं मशीन खिडकीजवळचं, त्यावर सरांनी कागद चिकटवला, हे बिघडलेलं असू शकतं, आणि ते त्या पोराच्या आणि नववीतल्या तिघांच्या ताब्यात दिलं, अट एकच, डिस्ट्रोचा कर्नल मेनूत शिल्लक ठेवायचा आणि काय बदललं ते वहीत लिहायचं. गृहस्थ म्हणाले, एप्रिलमध्ये मी उबुंटूचं विचारणार. विचारा म्हटलं.

गेल्या शनिवारी पोराचा फोन, आवाज पडलेला. काका, मशीन उठतच नाही, कर्नल पॅनिक येतोय, नॉट सिंकिंग, रूट एफएस माउंट होत नाही म्हणतोय, अननोन ब्लॉक शून्य कॉमा शून्य. मागे नववीतल्या पोरांचा गोंधळ ऐकू येत होता, कोणीतरी स्क्रीनचा फोटो काढत होतं. मी विचारलं, डिस्कच्या ड्रायव्हरचं काय केलंस? थोडा वेळ काही नाही, मग लांबून एका मुलीचा आवाज, दादा, तो आपण काल काढला, वहीत आहे बघ.